दोन तारा आणि एक मतदान

बंकरच्या अरुंद वाटेत एक उंच, कुरळ्या केसांचा माणूस हातात दोन तारा धरून उभा आहे. पलीकडच्या खोलीत त्याने स्फोटकं लावून ठेवली आहेत. तारेला तार टेकवायचा अवकाश, त्या खोलीत वाढत असलेली एक अख्खी जमात संपेल. ही जमात पुढे किती ग्रहांवर कत्तली करणार आहे हे त्याला ठाऊक आहे, कारण तो भविष्य पाहून आलेला आहे. शेजारी उभी असलेली त्याची सोबतीण सारा म्हणते, कर ना, थांबलास कशासाठी? त्यावर तो विचारतो, मला हा अधिकार आहे का?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला हा प्रसंग 12 एप्रिल 1975च्या संध्याकाळी बीबीसीवर दाखवला गेला. 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही सहा भागांची कथा त्या दिवशी संपली. मालिकेच्या चाहत्यांच्या मासिकाने 2009 साली तोवरच्या दोनशे कथांचा कौल घेतला, तेव्हा ती तिसरी आली. तिच्यावर कोणीही काहीही लिहो, त्या दोन तारा त्यात हमखास येतात. दूरचित्रवाणीवर नैतिक पेच कसा मांडावा याचा हा नमुना, असं म्हणायची पद्धतच पडून गेली आहे.

मला ही कथा मनापासून आवडते, आणि तरी हा लौकिक चुकीच्या प्रसंगाला मिळाला आहे असं माझं मत आहे. तारांचा प्रसंग हा या कथेतला सगळ्यात कच्चा दुवा आहे. तिचं खरं मोठेपण त्याच्यापासून दहा पावलांवर, एका सभेत आणि एका मतदानात आहे. तिकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. डॉक्टर हा काळातून आणि अवकाशातून फिरणारा परग्रहवासी. डालेक हे त्याचे सगळ्यात जुने शत्रू, 1963च्या डिसेंबरात पहिल्यांदा दिसलेले. पिंपासारखं धातूचं कवच, पुढे एक बंदूक, शेजारी संडास मोकळा करायच्या रबरी पंपासारखा एक हात, आणि आत एक विद्रूप, द्वेषाने भरलेला जीव. लहान मुलं त्यांना घाबरून सोफ्याच्या मागे लपायची म्हणतात. 1975च्या कथेत डॉक्टरचे जातवाले, टाइम लॉर्ड, त्याला स्कारो ग्रहावर डालेक जन्माला येण्याच्या आधीच्या काळात पाठवतात. त्याला तीन पर्याय देतात: ते निर्माणच होऊ देऊ नकोस, किंवा त्यांची आक्रमकता कमी होईल असं काहीतरी कर, किंवा निदान त्यांचं एखादं मर्म तरी शोधून आण.

डालेकांचा जनक टेरी नेशन यानेच ही कथा लिहिली. 1930 साली वेल्समध्ये जन्मलेल्या या लेखकाचं बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलं, आणि ते पहिल्या भागात लपत नाही. दिग्दर्शक डेव्हिड मलोनी धुक्याने सुरुवात करतो. धुक्यातून गॅस मास्क लावलेले सैनिक येतात आणि संथ गतीत गोळ्या खाऊन पडतात. एका ओळीचा संवाद नाही. पुढे डॉक्टरच्या लक्षात येतं की इथे हजार वर्षं युद्ध चालू आहे आणि दोन्ही बाजूंची शस्त्रं पुढे जाण्याऐवजी मागे मागे येत चालली आहेत. एकाच प्रेतावर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र आहे आणि अंगावर जनावराचं कातडंही. खंदकाच्या कडेला मेलेल्या सैनिकांना उभं करून ठेवलंय, लांबून शिबंदी पुरेशी दिसावी म्हणून. मग डॉक्टरचा पाय सुरुंगावर पडतो. तो हलत नाही, आणि त्याचा सोबती हॅरी गुडघ्यावर बसून सुरुंगाखाली दगड सरकवत राहतो. हे सगळं इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका खाणीत चित्रित झालंय. पैसा बेताचा होता हे पडद्यावर दिसतंच, पण इतक्या कमी साधनांत युद्धाचा थकवा इतका अंगावर आणणारं काम मी फार पाहिलेलं नाही.

दोषांचं म्हणाल तर लोक आधी शिंपल्यावर बोट ठेवतात. तिसऱ्या भागात गुहेतला एक प्रचंड शिंपला हॅरीचा पाय पकडतो. हा म्हणे बंकरमधल्या शास्त्रज्ञाच्या फसलेल्या प्रयोगांपैकी एक. तो शिंपला इतका उघडउघड रबरी आहे की हॅरीने स्वतःच त्यात पाय घालून धडपड केल्यासारखं वाटतं. हसून घ्यावं आणि पुढे जावं. दुसऱ्या भागाच्या शेवटी सारा अग्निबाणाच्या उंच पराचीवरून पडते आणि चित्र तिथेच गोठतं. आठवडाभर वाट पाहिल्यावर कळतं की ती खालच्याच फळीवर पडली होती. ही फसवणूक आहे, पण आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या मालिकांनी ती हजारदा केली आहे. पकडले गेले, सुटले, परत पकडले गेले, हे चक्रही सहा भाग भरायचे म्हणून फिरतं. बीबीसीने त्याच वर्षीच्या नाताळात हीच कथा 85 मिनिटांत कापून दाखवली, आणि गोष्ट कळायला कुठे अडलं नाही, यावरून काय ते समजावं. बायकांच्या बाबतीत तर दुष्काळच आहे. सारा आणि शेवटी शेवटी येणारी बेटन सोडली तर हजार वर्षांच्या युद्धात बाईमाणसाला बोलायला जागा नाही.

हे दोष त्या काळाचे आणि त्या पैशाचे आहेत. जुनी गोष्ट पाहताना इतकी सूट द्यायलाच हवी. त्यापुढच्या दोन गोष्टींना मात्र काळाची सबब पुरत नाही.

पहिली, वेशभूषा. युद्धातल्या दोन बाजूंपैकी कालेड, म्हणजे जिच्यातून डालेक निघणार ती जमात, काळे गणवेश घालते, टाचा आपटते, हात उंचावून सलाम करते. सुरक्षाप्रमुख नायडर गोल काचांचा चष्मा लावतो, आणि सुरुवातीला त्याच्या गळ्याशी आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदकसुद्धा दिसतं. पुढच्या भागांत ते गायब होतं. बहुधा कोणालातरी अति वाटलं असावं. नाझींची आठवण करून द्यायला माझी हरकत नाही, पण दुष्टपणा असा कपड्यांवरून ओळखू येऊ लागला की प्रेक्षक सैलावतो. आपण असे कपडे घालत नाही, तेव्हा आपला याच्याशी संबंध नाही, असं त्याला वाटू लागतं. नशीब इतकंच की संहिता वेशभूषेपेक्षा हुशार आहे. समोरच्या थाल जमातीला लेखक सज्जन ठरवत नाही. तेही कैद्यांना राबवून विषारी किरणोत्सर्गी स्फोटकं अग्निबाणात भरून घेतात, आणि त्यांच्यापुढेही कालेडांचं शहर बेचिराख करण्यापलीकडे काही नसतं.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. डालेकांचा निर्माता, कालेडांचा शास्त्रज्ञ डॅव्हरॉस एका चाकांच्या खुर्चीत जखडलेला आहे. चेहरा भाजून विरूप झालेला, कपाळावर यांत्रिक डोळा, एकच हात चालतो. खुर्चीचा खालचा भाग हुबेहूब डालेकसारखा. नोव्हेंबर 2023मध्ये 'चिल्ड्रन इन नीड' या बीबीसीच्या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी केलेल्या छोट्या प्रसंगात मालिकेच्या निर्मात्यांनी डॅव्हरॉसला धडधाकट दाखवलं. दुष्ट माणूस म्हणजे व्हीलचेअरवरचा किंवा चेहरा विरूप झालेला, ही जुनी सांगड आता पुढे न्यायची नाही, असं त्यांतले प्रमुख लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनी सांगितलं. त्यावर बरंच वाजलं. जुन्या चाहत्यांना वाटलं, आपल्या खलनायकाला कोणीतरी इस्त्री करून ठेवला.

डेव्हिस यांची तक्रार मला मान्य आहे. खलनायकांच्या अंगावर व्रण चढवायची सवय फार जुनी आणि फार आळशी आहे. पण या एका कथेपुरतं पाहिलं तर डॅव्हरॉसचं शरीर हे नुसतं सोंग नाही, तो त्याचा सिद्धान्त आहे. त्याच्या मते या विषारी ग्रहावर सगळ्यांची शरीरं आज ना उद्या अशीच होणार, म्हणून त्यांना चालतं कवच लागणार, आणि कवचात जगायचं तर दया कशाला हवी? तो आपल्या अवस्थेवरून अख्ख्या वंशाचं भविष्य बेततो. याच कथेत सेव्हरिन नावाचा एक म्यूटो आहे. रासायनिक शस्त्रांनी शरीर वाकडं झालेल्या लोकांना दोन्ही जमाती हाकलून देतात, ते म्यूटो. आणि हा सेव्हरिन कथेतला सगळ्यात भला माणूस आहे. साराला मारायला निघालेल्या जोडीदाराला तोच अडवतो, तिला उचलायला जीव धोक्यात घालतो. म्हणजे लेखकाला उत्तर सापडलं होतं. त्याने ते कोपऱ्यात ठेवलं आणि डॅव्हरॉसला मध्यभागी, ही त्याची चूक. डॅव्हरॉसला बरा करण्यापेक्षा सेव्हरिनला मोठा करा, असं मी म्हटलं असतं.

डॅव्हरॉसला विसरणं शक्य नाही याचं श्रेय मायकल विशर या नटाला. आधीच्या कथांत त्याने डालेकांना आवाज दिला होता. इथे जॉन फ्रीडलॅंडरने केलेल्या मुखवट्यात त्याचे डोळे पूर्ण झाकलेले. अशा स्थितीची सवय व्हावी म्हणून तो डोक्यावर कागदी पिशवी घालून तालीम करायचा असं सांगतात. त्याच्याजवळ उरले फक्त ओठ, आवाज आणि एक हात. पाचव्या भागात डॉक्टर त्याला विचारतो: समजा तुझ्या प्रयोगशाळेत असा विषाणू तयार झाला की जो बाकी सगळी जीवसृष्टी संपवेल, तर तू तो वापरशील का? डॅव्हरॉस आधी केवळ शास्त्रज्ञ म्हणून खूश होतो. छान प्रश्न आहे, असा चेहरा. मग हळूहळू हात वर येतो, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जणू एक कुपी धरलेली आहे. बोटांच्या नुसत्या दाबावर सगळ्याचा शेवट. आवाज चढत जातो आणि तो म्हणतो, हो, वापरेन, कारण ती सत्ता मला देवांच्याही वर नेईल. कुपी नाहीच आहे हे आपण विसरतो. माझ्या मते त्या काळच्या दूरचित्रवाणीवरच्या अभिनयातली ही फार मोठी दोन मिनिटं आहेत.

लगेच पुढे काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. डॉक्टर त्याचा एकुलता हात धरतो आणि त्याला जगवणाऱ्या यंत्राचं बटन बंद करून दम देतो, डालेकांची पैदास थांबवायचा हुकूम दे, नाहीतर मर. मागून नायडर येऊन डोक्यात फटका घालतो म्हणून ते तिथेच राहतं. म्हणजे तारा हातात घेऊन अधिकाराबद्दल विचारणारा हा माणूस, त्याच कथेत थोड्याच वेळापूर्वी, एका अपंग माणसाचा श्वास बंद करून त्याला वाकवू पाहत होता.

तारांचा प्रसंग मला कच्चा का वाटतो ते आता सांगतो. डॉक्टर साराला म्हणतो, समजा भविष्य जाणणाऱ्या कोणी एखादं मूल दाखवलं आणि सांगितलं की हे मोठं होऊन लाखोंचा जीव घेणारा हुकूमशहा होईल, तर तू त्या मुलाला मारशील का? ऐकायला भेदक आहे. पण उपमा बसत नाही. मूल निष्पाप असतं, त्याने अजून काही केलेलं नसतं, प्रश्नाची धार त्यातच असते. इथे डालेकांनी एका शास्त्रज्ञाला ठार मारून झालं आहे, थालांच्या शहरात जल्लोष चालू असताना घुसून कत्तल करून झाली आहे. शिवाय त्यांच्यातली दया मुद्दाम, ठरवून काढून टाकलेली आहे. इथे मोठं होऊन चांगलं निघण्याची शक्यताच उरलेली नाही. आणि डॉक्टरजवळ ती गोष्ट आहे जी आपल्यापैकी कोणाजवळही कधी नसते: भविष्याची खात्री. आपले सगळे पेच खात्री नसण्यातून येतात. ती बाजू काढून घेतल्यावर जो प्रश्न उरतो तो परीक्षेतला प्रश्न असतो.

बरं, विचारला प्रश्न. मग उत्तर? तेवढ्यात गार्मन नावाचा शास्त्रज्ञ धावत येतो आणि सांगतो की डॅव्हरॉसने आमच्या अटी मान्य केल्या. डॉक्टर सुटकेचा श्वास सोडतो, त्याचे मनापासून आभार मानतो आणि तारा उपटून टाकतो. लेखकाने नायकाला खिडकीतून बाहेर काढलं. एवढ्यावरही थांबत नाही. अटी मान्य करणं हा बनाव होता हे कळल्यावर डॉक्टर पुन्हा तारांकडे धावतो, या वेळी कुठलंही चिंतन न करता, त्या जोडायलाच. आणि तारा जोडतं कोण? त्याचा पाठलाग करणारा एक डालेक, चुकून त्यांच्यावरून जाऊन. एवढा गाजलेला पेच अखेर अपघाताने सुटतो. तेही अर्धवट, कारण तयार झालेले डालेक शिल्लक राहतात. डॉक्टरच्या हिशेबाने त्यांची हजारेक वर्षांची खोटी झाली, एवढंच. चाहते जे भाषण उद्धृत करतात ते करणाऱ्यानेच पंधरा-वीस मिनिटांत गुंडाळून ठेवलं, हे कोणी सांगत नाही.

गार्मनकडे मात्र नीट पाहावं. हा नायक नाही, त्याला भविष्य दिसत नाही. तो डॅव्हरॉसच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला माणूस आहे. जेव्हा डालेकांच्या मेंदूतून सदसद्विवेक काढून टाकायचा आदेश येतो तेव्हा तो हरकत घेतो: यांना चांगलं-वाईट कळणार नाही, दया कळणार नाही. त्याच्याआधी रॉन्सन नावाच्या सहकाऱ्याने डॉक्टरकरवी कालेडांच्या पुढाऱ्यांपर्यंत बातमी पोचवली होती. पुढाऱ्यांनी काय केलं? चौकशी नेमली. डॅव्हरॉसने नम्रपणे संमती दिली, आणि मग गुपचूप थालांना आपल्याच शहराचा घुमट फोडायचं रसायन सांगितलं. शहर गेलं, पुढारी गेले, चौकशीही गेली. फितुरीचा आळ रॉन्सनवर, आणि डालेककडून त्याची हत्या भर प्रयोगशाळेत, सहकाऱ्यांसमोर.

यानंतर नायडर गार्मनला एकटा गाठतो. मलाही हे पटत नाही हो, असा सूर लावतो. आपल्यासारखे आणखी कोण कोण आहेत, विचारतो. गार्मन विश्वासाने नावं सांगतो. मग अंधारातून खुर्ची पुढे सरकते. पीटर माइल्स या नटाने नायडर असा केलाय की त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंदसुद्धा नाही. काम झालं, एवढंच.

आणि मग ती सभा. गार्मन सुटतो, बंडखोर बंकर ताब्यात घेतात. पहारेकरी फारसा विरोध करत नाहीत, कारण डॅव्हरॉसनेच त्यांना तसं सांगितलेलं असतं. कोण विरुद्ध आहे ते त्याला उघड झालेलं हवंय. बंडखोरांची मागणी काय, तर डालेकांना सदसद्विवेक परत द्या. डॅव्हरॉस विनंती करतो, निर्णयाआधी सगळ्यांसमोर मला माझी बाजू मांडू द्या, मग मतदान घ्या. गार्मन हो म्हणतो. न म्हणून चालणारच नाही, तो ज्या गोष्टीसाठी उभा आहे तिचाच हा भाग आहे. डॅव्हरॉस हे अगोदर ओळखून असतो. नायडरला तो सांगूनही ठेवतो की न्यायाची भाषा करणारे लोक मला वेळ देतील. त्याला फक्त वेळच हवा असतो, थालांच्या शहराकडे गेलेले डालेक परत येईपर्यंतचा. ते येतात. मतदान पार पडतं, म्हणजे एका बाजूला उभ्या राहिलेल्यांना गोळ्या घातल्या जातात.

ज्यांना विज्ञानकथेतला पेच शोधायचा आहे त्यांनी इथे शोधावा. समोरचा प्रक्रियेचा उपयोग फक्त वेळकाढूपणासाठी करतोय हे कळत असेल, तरी प्रक्रिया पाळायची का? पाळली तर गार्मन होतो. मोडली तर त्याचा नायडर व्हायला किती वेळ लागेल? लेखक यावर एकही भाषण देत नाही, काळप्रवासाची मखलाशी करत नाही. विनंती, होकार, सभा, दार उघडणं, एवढंच दाखवतो. संस्था, समित्या, चौकश्या यांच्यात आयुष्य घालवलेल्या कोणाही माणसाला या क्रमातली एक तरी पायरी ओळखीची वाटेल.

डॅव्हरॉसचा शेवटही याच सूत्राने येतो. डालेक उत्पादन थांबवायचा हुकूम मानत नाहीत. बटनाकडे गेलेला नायडर आधी मरतो. मग निष्ठावान शास्त्रज्ञांवर बंदुका वळतात तेव्हा डॅव्हरॉस म्हणतो, यांच्यावर दया करा. डालेक विचारतो, दया म्हणजे काय? तो शब्द त्यांच्या शब्दसंग्रहात नाही. तो कोणी काढला हे खुर्चीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

शनिवारी संध्याकाळी, मुलांच्या वेळेला, हे दाखवावं का? दूरचित्रवाणीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी तेव्हा या कथेतल्या क्रौर्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. त्यांची चेष्टा करायची चाल आहे, पण क्रौर्य आहे हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. मी फक्त त्यांच्याहून वेगळ्या जागी थांबतो. मुलांसाठीच्या गोष्टीत माणसं मरतात ते बहुधा कशीही मरतात. इथे प्रत्येक मरण कोणाच्या तरी सहीने, कोणाच्या तरी गप्प राहण्याने येतं. सोफ्यामागे लपलेल्या मुलाला ते तेव्हा कळलं नसेल. आठवलं मात्र असेल.

पुढे मालिकेने स्वतःच चुकीचा धडा घेतला. डॅव्हरॉस इतका जमला की 1979, 1984, 1985, 1988 अशा पुढच्या प्रत्येक डालेक-कथेत त्याला परत आणला, आणि डालेक त्याचे हुकमाचे शिपाई होऊन बसले. 2015 साली तर 'मूल दाखवलं तर?' हा दृष्टान्तच शब्दशः घेऊन रणांगणात अडकलेला लहानगा डॅव्हरॉस डॉक्टरसमोर उभा केला. कथा चांगली होती, पण पुन्हा तेच, त्या तारांभोवती फिरणं. गार्मनकडे कोणी परत गेलं नाही.

ही कथा मी परत पाहतो तेव्हा शिंपला आला की आता पुढे ढकलतो. तारा आल्या की थांबतो खरा, डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचा आवाज ऐकण्याजोगा आहे म्हणून. पण माझं लक्ष असतं धापा टाकत आलेल्या गार्मनच्या चेहऱ्याकडे. त्याला खरोखरच वाटत असतं की आपण जिंकलो.